लॉबिंगमधलं करिअर आणि सरकारी अनुभवाचं मोल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर महिन्याला कुणा ना कुणाचा फोन येतो. कधी यूपीएससीचे प्रयत्न संपलेला मुलगा, कधी आमदाराकडे चार वर्षं काढलेली स्वीय सहायक, तर कधी निवृत्तीला आठ महिने उरलेले उपसचिव. तिघांचे प्रश्न जवळपास सारखेच असतात. मी स्वतः आधी एका खासदारांकडे संशोधन सहायक होतो, मग एका उद्योग-संघटनेत गेलो आणि आता बरीच वर्षं एका कंपनीच्या वतीने दिल्ली आणि मंत्रालयाच्या वाऱ्या करतो. दर वेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं.

लॉबिस्ट म्हणजे दलालच ना?

हा प्रश्न माझ्या सासऱ्यांनीही लग्नाआधी विचारला होता, फक्त जरा गोड शब्दांत.

दलाल सौदा जुळवतो आणि दलाली घेतो. लॉबिस्टचं काम असतं ते एका बाजूचं म्हणणं, निर्णय ज्याच्या हातात आहे त्याच्यापुढे, त्याला उपयोगी पडेल अशा रूपात मांडायचं. गावच्या बंधाऱ्यासाठी जिल्हा परिषदेत खेटे घालणारा सरपंचही तेच करतो. त्याला त्याचा पगार मिळत नाही एवढंच. आपल्याकडे 'लॉबी' हा शब्द रुळला तो वर्तमानपत्रातल्या साखर लॉबी, बिल्डर लॉबी या मथळ्यांमुळे, त्यामुळे तो कानाला सुरुवातीपासूनच तिरका लागतो. त्यातच २०१० मध्ये कंपन्यांसाठी लॉबिंग करणाऱ्या नीरा राडिया यांच्या फोनवरच्या संभाषणांच्या ध्वनिफिती बाहेर आल्या आणि हा शब्द जवळपास शिवी झाला. तेव्हापासून या धंद्यातल्या कुणाच्याही व्हिजिटिंग कार्डावर तो दिसत नाही.

मग नोकरी शोधताना कोणतं पद शोधायचं?

पब्लिक पॉलिसी, गव्हर्नमेंट अफेअर्स, रेग्युलेटरी अफेअर्स, कॉर्पोरेट अफेअर्स, ॲडव्होकसी. छोट्या कंपन्यांत याच माणसाला 'लायझन ऑफिसर' म्हणतात, पण तिथे बहुतेक वेळा परवाने, एनओसी आणि नूतनीकरणाची धावपळ असते. ते कामही कमी नाही. मात्र धोरण बदलायला लावणं आणि असलेल्या धोरणाखाली परवाना काढणं या दोन निराळ्या नोकऱ्या आहेत. मुलाखतीत पहिल्या दहा मिनिटांत विचारून घ्या.

नोकरी देणारे ढोबळमानाने तीन. एक, कंपन्या. दोन, उद्योग-संघटना: दिल्लीत सीआयआय, फिक्की, नॅसकॉम, पुण्यात १९३४ पासून मराठा चेंबर, मुंबईत १८३६ पासून बॉम्बे चेंबर. तीन, सल्लागार संस्था, ज्या एकाच वेळी पाच-सात ग्राहकांचं काम बघतात. नवख्या माणसाने संघटनेतून सुरुवात करावी असं माझं मत. पगार कमी, पण दोन वर्षांत तुम्ही वीस कंपन्यांची भांडणं आतून बघता. सरकारला लिहिलेल्या एका पत्रावर वीस सभासदांची सहमती मिळवणं हे मंत्र्याची भेट मिळवण्यापेक्षा अवघड असतं.

भारतात हे कायदेशीर आहे का?

बेकायदेशीर नाही आणि नियमबद्धही नाही. लॉबिस्टची नोंदणी, खर्चाचा तपशील, कोण कुणाला भेटलं याची यादी, असं काही करायला लावणारा कायदा आपल्याकडे नाही. कालिकेश नारायण सिंह देव या खासदारांनी २०१३ मध्ये लॉबिंगची माहिती उघड करण्याबाबत खासगी विधेयक आणलं होतं. बहुतेक खासगी विधेयकांचं होतं तेच त्याचं झालं.

याची गंमत २०१२ मध्ये दिसली. वॉलमार्टने अमेरिकी सेनेटकडे, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाकडे, भरलेल्या विवरणांत २००८ पासून लॉबिंगवर सुमारे अडीच कोटी डॉलर खर्च केल्याचं होतं आणि ज्या विषयांवर लॉबिंग केलं त्यांत भारतीय बाजारात प्रवेश हाही एक विषय होता. आपल्या संसदेत गदारोळ झाला, सरकारने निवृत्त न्यायमूर्ती मुकुल मुदगल यांची एकसदस्यीय समिती नेमली, आणि हाती ठोस काही लागलं नाही. लागणार कसं? जी माहिती बाहेर आली ती अमेरिकेच्या कायद्यामुळे आली होती. इथे काय झालं याची नोंद ठेवायची सक्ती कुणावरच नव्हती, आजही नाही.

दिवसभर नेमकं काम काय असतं?

वाचन. निम्म्याहून जास्त वेळ वाचन. राजपत्र, मसुदे, स्थायी समित्यांचे अहवाल, संसदेतले तारांकित-अतारांकित प्रश्न, शासन निर्णय. उरलेल्या वेळात लिहिणं आणि वाट बघणं. लोकांना वाटतं ते जेवण आणि गप्पांचं काम महिन्यातून दोन-तीनदा येतं.

एक उदाहरण देतो. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल बनवायला मनाई केली. पाऊस कमी, ऊस कमी, साखरेचे भाव वर जातील ही भीती. महाराष्ट्रातल्या कारखान्यांनी कर्ज काढून डिस्टिलऱ्या उभारल्या होत्या, गाळप हंगाम सुरू झालेला होता. आठ दिवसांत, १५ डिसेंबरला, आदेश सैल झाला: रस आणि बी-हेवी मळी मिळून १७ लाख टन साखरेइतकं इथेनॉलकडे वळवायला मुभा मिळाली.

त्या आठवड्यात निवेदनांचा पाऊस पडला. पण कोणतं निवेदन कुठे जायला हवं हे किती जणांना ठाऊक होतं? साखर किती वळवायची हे ठरवतो केंद्राचा अन्न विभाग. इथेनॉल खरेदी करतात तेल कंपन्या, त्यांचं मंत्रालय पेट्रोलियमचं. उसाच्या एफआरपीची, म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला द्यायच्या किमान दराची, शिफारस कृषिमूल्य आयोगाची, मंजुरी मंत्रिमंडळ समितीची. डिस्टिलरीचा परवाना राज्य उत्पादन शुल्क विभागाचा आणि गाळपाचे आकडे पुण्याच्या साखर संकुलात. एकाच टाकीतल्या द्रवाला पाच मालक. यातल्या चुकीच्या मालकाकडे गेलात तर तो चहा देईल, ऐकून घेईल, 'बघतो' म्हणेल आणि तुमचे चार दिवस जातील.

हे मी शहाणपणाने सांगत नाही. माझ्या दुसऱ्याच वर्षी मी एका सहसचिवांसमोर वीस मिनिटं पोटतिडकीने बोललो. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि शेवटी म्हणाले, "विषय चांगला आहे, पण आमचा नाही." केंद्राचे १९६१ चे कार्यविभाजन नियम त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा उघडले. कोणता विषय कोणत्या मंत्रालयाचा, ते त्यात ओळीने लिहिलेलं आहे.

सरकारी अनुभवाला एवढी किंमत का? नेमकी कशाची किंमत मिळते?

हा खरा प्रश्न. बाजार ज्याचे पैसे मोजतो ते एक असतं आणि रोजच्या कामात उपयोगी पडतं ते दुसरंच.

बाजार पैसे मोजतो ओळखीचे. अमेरिकेत हे मोजूनच झालं आहे. तिथे लॉबिस्टला आपली कमाई जाहीर करावी लागते, त्यामुळे अभ्यासकांना आकडे मिळतात. 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये २०१२ साली छापून आलेल्या एका अभ्यासात, पूर्वी सेनेटरांच्या कार्यालयात काम केलेल्या लॉबिस्टांची कमाई तपासली. ज्याच्याकडे काम केलं तो सेनेटर पायउतार झाला की त्या लॉबिस्टची कमाई सरासरी २४ टक्क्यांनी घसरत होती. माणूस तोच, अभ्यास तोच, अनुभव तोच. फक्त साहेब गेले. म्हणजे ग्राहक पैसे मोजत होता तो डोक्यातल्या ज्ञानाला कमी आणि खिशातल्या नंबराला जास्त. त्याच नियतकालिकातल्या २०१४ च्या दुसऱ्या अभ्यासाने तर असं दाखवलं की लोकप्रतिनिधी एका समितीतून दुसऱ्या समितीत गेला की त्याच्या ओळखीचे लॉबिस्टही विषय बदलून त्याच्या मागे जातात. काल आरोग्याचे जाणकार, आज संरक्षणाचे.

हे वाचून कुणी म्हणेल, मग ओळखीच कमवू. थांबा. महाराष्ट्राची पाच वर्षं आठवा. २३ नोव्हेंबर २०१९ ला पहाटेचा शपथविधी, २८ नोव्हेंबरला दुसरा, ३० जून २०२२ ला तिसरा, जुलै २०२३ मध्ये मधेच नवे भिडू, ५ डिसेंबर २०२४ ला चौथा. ज्यांचं सगळं भांडवल एका मंत्र्याच्या बंगल्यावरच्या वजनात होतं, त्या माझ्या ओळखीतल्या दोघांनी या काळात तीनदा नोकरी बदलली. तो २४ टक्क्यांचा आकडा त्यांना कुणी सांगायची गरज नाही.

आता जे टिकतं त्याबद्दल. सरकारात काम केलेल्या माणसाला फाइल कशी चालते ते कळतं. मंत्रालयात विषय सुरू होतो कक्ष अधिकाऱ्याच्या टेबलावर, ज्याला सगळे 'डेस्क' म्हणतात. तिथून अवर सचिव, उपसचिव, सचिव, मग मंत्री. पैशांचा विषय असेल तर वित्त विभाग, कायद्याचा असेल तर विधी व न्याय. वर बसलेल्या प्रत्येकाने तुमचं निवेदन वाचलेलं नसतं. त्याने वाचलेली असते डेस्कने लिहिलेली टिपणी. म्हणजे तुमचं वीस पानी सादरीकरण शेवटी त्या टिपणीतल्या चार ओळी होऊन उरतं. त्या चार ओळी कोण लिहिणार, कशाच्या आधारे लिहिणार, पूर्वीचा कोणता जीआर त्याला आडवा येणार, हे ज्याला आधी दिसतं त्याचं निवेदन मुळातच वेगळं होतं.

एका कक्ष अधिकारी बाईंनी मला सुरुवातीच्या काळात झापलं होतं. मी गुळगुळीत कागदावर छापलेली पुस्तिका घेऊन गेलो होतो. त्या म्हणाल्या, "अहो, हे छान आहे, पण मी यातलं फाइलवर काय घेऊ? मागणी काय ते एका वाक्यात लिहा. आत्ताचा नियम कोणता ते लिहा. दुसऱ्या राज्याने केलं असेल तर त्यांचं परिपत्रक जोडा. शासनावर बोजा किती ते लिहा. आणि मराठीत लिहा, मला परत भाषांतर करायला लावू नका." माझ्या सगळ्या शिक्षणात कुणी यापेक्षा उपयोगाचं सांगितलेलं नाही. त्या बाई कधीच निवृत्त झाल्या, पण ते पान मी आजही तसंच लिहितो.

आणखी एक गोष्ट आतूनच कळते: सरकार 'नाही' का म्हणतं. बाहेरच्याला वाटतं अधिकारी अडवतोय. आतल्याला माहीत असतं की कॅगचा, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्यांचा, आक्षेप येईल, न्यायालयात कुणी जाईल, शेजारच्या उद्योगालाही तीच सवलत द्यावी लागेल. हे ठाऊक असलेला लॉबिस्ट मागणीतच त्याचा तोडगा घालून देतो.

कोणत्या पदाचा अनुभव जास्त उपयोगी पडतो?

कंपन्यांना सचिव दर्जाचं नाव आवडतं, संचालक मंडळाच्या बैठकीत ते शोभतं. प्रत्यक्षात मला मधल्या फळीतली माणसं जास्त उपयोगी वाटतात: उपसचिव, संचालक, मंत्र्यांचे खासगी सचिव, ओएसडी (विशेष कार्य अधिकारी), नियामक संस्थांमधले सल्लागार. मसुद्यावर प्रत्यक्ष हात चाललेला असतो तो यांचा. मोठ्या साहेबांना पुष्कळदा तीस वर्षांत स्वतः टिपणी लिहायची सवयच राहिलेली नसते, आणि रांगेत थांबायची तर अजिबात नाही. निवृत्तीनंतर पहिल्यांदा प्रवेशपासासाठी थांबावं लागलं की काहींचा चेहरा बघवत नाही.

ट्राय (दूरसंचार), सेबी (शेअर बाजार), एफएसएसएआय (अन्नसुरक्षा) अशा नियामकांकडचा अनुभव सध्या विशेष मागणीत आहे, कारण कंपन्यांचा रोजचा संबंध मंत्र्यांपेक्षा त्यांच्याशी जास्त येतो.

मी आमदारांचा पीए होतो. ते धरतात का?

धरतात, पण तुम्ही काय केलं त्यावर. बदल्यांची पत्रं, रुग्णालयात खाटा, लग्नाच्या आमंत्रणांचं वेळापत्रक, एवढंच केलं असेल तर माणसं सांभाळायची हातोटी येते, धोरण येत नाही. मात्र लक्षवेधी सूचना तयार केल्या असतील, कपात सूचना लिहिल्या असतील, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात रात्री दोनपर्यंत जागून मंत्र्यांच्या उत्तरातली चूक शोधली असेल, तर बायोडेटात ते ठळक लिहा. विषय आणि तारखेसह लिहा. 'साहेबांचा विश्वासू' हे लिहू नका. ते वाचून समोरच्याला साहेबांचे विरोधक आठवतात.

सरकारी नोकरी नाही, पण थोडाफार अनुभव मिळवायचा तर मार्ग कोणते?

पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्चची लॅम्प फेलोशिप: जवळपास वर्षभर एका खासदाराबरोबर संसदेचं काम. राज्यात २०१५ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री फेलोशिप. नीती आयोगात आणि केंद्राच्या मंत्रालयांत 'यंग प्रोफेशनल' म्हणून कंत्राटी नेमणुका निघतात. वकिलांना संसदीय समित्यांसमोर साक्ष देणाऱ्या संस्थांकडे काम मिळतं.

या वर्ष-दोन वर्षांच्या अनुभवाला सरकारी अनुभव म्हणायचं का? माझं उत्तर हो असं आहे, एका अटीवर. फेलोशिपमध्ये दौरे आणि डॅशबोर्ड यांतच वर्ष गेलं तर फारसं काही हाती लागत नाही. एक तरी विषय सुरुवातीपासून शासन निर्णय निघेपर्यंत धरून ठेवा. तो निघाला नाही तर का निघाला नाही, ते तरी समजून घ्या. मुलाखतीत तीच गोष्ट जास्त रंगते.

यूपीएससी, एमपीएससीची पाच वर्षं वाया गेली असं समजायचं का?

नाही. राज्यघटना, अर्थसंकल्प, मंत्रालयांची रचना हे तुम्हाला आधीच येतं. इतर उमेदवारांना ते शिकवावं लागतं. कमी असतं ते दुसरंच. स्पर्धा परीक्षेत दोन्ही बाजू मांडून 'समतोल' उत्तर लिहायची सवय लागते. इथे एक बाजू घ्यावी लागते आणि दुसरी बाजू काय म्हणेल ते गृहीत धरून लिहावं लागतं. ती सवय मोडायला सहा महिने जातात. आणि एक सांगू का? मुलाखतीत अधिकारी न झाल्याची खंत चेहऱ्यावर दिसू देऊ नका. पुढे रोज अधिकाऱ्यांसमोरच बसायचं आहे.

निवृत्त झालेला अधिकारी लगेच कंपनीत जाऊ शकतो का?

अखिल भारतीय सेवांतले आणि केंद्राच्या गट-अ मधले अधिकारी निवृत्तीनंतर एक वर्ष पूर्वपरवानगीशिवाय खासगी व्यावसायिक नोकरी धरू शकत नाहीत. पूर्वी ही मुदत दोन वर्षांची होती. परवानगी न घेता गेल्यास पेन्शनवर गदा येऊ शकते. परवानगीच्या अर्जात ज्या कंपनीत जाताय तिच्याशी सेवेत असताना संबंध आला होता का, हे सांगावं लागतं.

मंत्र्यांना, आमदार-खासदारांना मात्र अशी मुदतच नाही. संध्याकाळी राजीनामा, सकाळी सल्लागार, अडवणारं कुणी नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना राज्यघटनेच्या १२४ व्या अनुच्छेदाने निवृत्तीनंतर देशातल्या कुठल्याही न्यायालयात वकिली करायला मनाई आहे. उपसचिवाला एक वर्ष, न्यायमूर्तींना कायमची आणि मंत्र्यांना काहीच नाही, ही उतरंड मला तरी उलटी वाटते.

या प्रश्नाला जोडून: अर्ज करायच्या आधी कंपनीशी पगाराची बोलणी सुरू करू नका. खुर्चीवर असताना ज्यांच्या फायली तुमच्यापुढे आहेत त्यांच्याशी तर अजिबात नाही. 'अनौपचारिक गप्पा' या शब्दाने नंतर काहीही झाकलं जात नाही.

अमेरिकेत हे सगळं उघड चालतं म्हणतात. तिथला मार्ग कसा असतो?

तिथे या मार्गाला 'फिरतं दार' म्हणतात. कॉलेज संपवून मुलगा किंवा मुलगी कॅपिटल हिलवर, म्हणजे तिथल्या संसदेत, एखाद्या लोकप्रतिनिधीच्या कार्यालयात फोन उचलायला लागते, पत्रांना उत्तरं लिहिते, मग एका विषयाची जबाबदारी, मग समितीच्या कर्मचारी वर्गात. पगार बेताचे, वॉशिंग्टनचं घरभाडं जबर. तिशीच्या आसपास बाहेरून हाक येते आणि पगार एका उडीत कुठल्या कुठे जातो. १९९५ च्या कायद्याने लॉबिस्टला नोंदणी करावी लागते, २००७ च्या सुधारणेपासून दर तिमाहीला विवरण भरावं लागतं. तेव्हापासून सेनेटरांना पद सोडल्यावर दोन वर्षं काँग्रेसकडे, म्हणजे तिथल्या संसदेकडे, लॉबिंग करता येत नाही; प्रतिनिधीगृहाच्या सदस्यांना ही मुदत एक वर्षाची आहे. २०२३ मध्ये नोंदवलेला एकूण खर्च चार अब्ज डॉलरच्या वर होता.

पण नियम आला की वाटही येते. मिसिसिपीचे सेनेटर ट्रेंट लॉट यांनी २००७ च्या डिसेंबरात राजीनामा दिला; दोन वर्षांचा नियम लागू होणार होता त्या वर्षअखेरीनंतर पद सोडणाऱ्यांना. जानेवारीत त्यांनी माजी सेनेटर जॉन ब्रो यांच्यासोबत फर्म काढली. नियमामुळे राजीनामा दिला हे त्यांनी नाकारलं. टॉम डॅशल, सेनेटमधले डेमोक्रॅट पक्षाचे माजी नेते, कित्येक वर्षं 'धोरण सल्लागार' होते. लॉबिस्ट म्हणून नोंदणी त्यांनी २०१६ मध्ये केली.

सर्वात बोचरं उदाहरण लुईझियानाच्या बिली टॉझिन यांचं. २००३ मध्ये वृद्धांच्या औषधांचा खर्च मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्यात आणणारा कायदा झाला, तेव्हा ते संबंधित समितीचे अध्यक्ष होते. त्या कायद्यात सरकारला औषधांच्या किमतींवर घासाघीस करायला मनाई होती. २००५ मध्ये ते औषध कंपन्यांच्या संघटनेचे अध्यक्ष झाले. घासाघिशीची थोडी मुभा मिळायला २०२२ उजाडावं लागलं. यात बेकायदेशीर काही नव्हतं, आणि म्हणूनच ते उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं.

आपलं सरकारही तिथे गिऱ्हाईक आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. भारतातले अमेरिकेचे माजी राजदूत रॉबर्ट ब्लॅकविल २००४ मध्ये बीजीआर या लॉबिंग फर्ममध्ये गेले आणि अणुकराराच्या काळात ती फर्म भारतासाठी काम करत होती. परदेशी सरकारांसाठी काम करणाऱ्यांना तिथे १९३८ च्या कायद्याने नोंदणी करावी लागते, त्यामुळे हे करार कुणालाही वाचता येतात. आपल्या सरकारच्या लॉबिंगचा हिशेब आपल्याला वॉशिंग्टनच्या दप्तरात सापडतो.

लाच आणि लॉबिंग यांच्यातली रेघ कुठे?

कायद्यात ती बऱ्यापैकी स्पष्ट आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लाच देणं हाही थेट गुन्हा आहे, आणि कंपनीच्या वतीने कुणी दिली तर कंपनीही अडकते. कलम ७-अ तर खास आपल्यासाठीच लिहिल्यासारखं आहे: वैयक्तिक वजन वापरून लोकसेवकाकडून काम करून देतो असं सांगून त्याबदल्यात गैरलाभ घेणं हा गुन्हा.

'काम झालं तर इतके टक्के' अशी बोली कुणी लावली तर उठून या. १८७२ च्या करार कायद्याच्या २३ व्या कलमाखाली एक उदाहरण दिलं आहे: 'अ' ने 'ब' ला सरकारी नोकरी मिळवून द्यायची आणि 'ब' ने 'अ' ला हजार रुपये द्यायचे, हा करार रद्दबातल. दीडशे वर्षांपूर्वीच्या साहेबालाही आपली माणसं बरोबर कळली होती. सरळ मार्गाने चालणाऱ्या फर्म महिन्याचा ठरावीक रिटेनर घेतात, निकाल काहीही लागो.

रोजच्या कामात रेघ याहून बारीक असते. दिवाळीचा सुकामेवा? मी पाठवत नाही. अधिकाऱ्याच्या मुलीला इंटर्नशिप? अर्ज नेहमीच्या मार्गाने येऊ दे म्हणतो. एकदा एका वरिष्ठाने माझ्यापुढे दुसऱ्या कंपनीचं गोपनीय निवेदन वाचायला सरकवलं. मी ते वाचलं नाही. साधूपणा म्हणून नव्हे. जो त्यांचं मला दाखवतो तो माझंही त्यांना दाखवत असणार.

पैसा आणि दबाव असेल तर अभ्यासाची गरज काय?

२०१५ च्या डिसेंबरात ट्रायने डेटाच्या वेगवेगळ्या दरांबद्दल मतं मागवली होती. फेसबुकने 'फ्री बेसिक्स' या ठरावीक संकेतस्थळं फुकट दाखवणाऱ्या योजनेसाठी पानभर जाहिराती दिल्या आणि वापरकर्त्यांकडून तयार मजकुराचे लाखो संदेश ट्रायला पाठवले. ट्रायचं म्हणणं पडलं की आम्ही विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं यांत नाहीत. विरोधात उभ्या राहिलेल्या स्वयंसेवकांनी मात्र प्रश्नागणिक उत्तरं लिहिली होती. ८ फेब्रुवारी २०१६ ला निर्णय आला आणि वेगवेगळ्या दरांना मनाई झाली. पैसा दर वेळी हरतो असं मी म्हणणार नाही, पुष्कळदा जिंकतोच. पण त्या वेळी प्रश्नपत्रिका नीट वाचणारे जिंकले.

सरकारातून बाहेर पडल्यावर परत आत जाता येतं का?

अमेरिकेत सर्रास. आपल्याकडे २०१८ पासून केंद्राने सहसचिव पदांवर थेट भरतीने (लॅटरल एन्ट्री) बाहेरची माणसं घेतली. ऑगस्ट २०२४ मध्ये ४५ पदांची जाहिरात निघाली, आरक्षणाच्या मुद्द्यावरून वाद झाला आणि तीन दिवसांत ती मागे घेतली गेली. या वाटेच्या भरवशावर बेत आखू नका.

मराठी माणसाला दिल्लीत अडचण येते का?

हिंदी सुधारा, थंडीचे कपडे घ्या. बाकी काही नाही. उलट मुंबईत मंत्रालय आणि दिल्लीत केंद्र, दोन्ही भाषांत टिपण लिहू शकणारी माणसं फार कमी आहेत.

सुरुवात आजच करायची तर काय करू?

केंद्राच्या २०१४ च्या धोरणानुसार विधेयकांचे आणि नियमांचे मसुदे किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवायचे असतात. दर वेळी पाळलं जात नाही, तरी दर आठवड्याला काही ना काही खुलं असतंच. तुमच्या जिव्हाळ्याचा एक मसुदा निवडा. नर्सिंग होमचे नियम असतील, कांद्याच्या निर्यातीचे असतील, ड्रोनचे असतील. कोणतं कलम बदलावं, का, बदललेला मजकूर काय असावा आणि शासनावर बोजा किती, एवढं दोन पानांत लिहा आणि शेवटच्या तारखेआधी पाठवा. अंतिम नियम निघाले की दोन्ही शेजारी ठेवून बघा. तुमचं काहीच घेतलेलं नसेल. तरीही कुणाचं घेतलं ते शोधा.

असे तीन मसुदे झाले की मला फोन करा. आणि त्याआधी ती सहा पानं पाठवून ठेवा.